दर महिन्याला हवा निघते, म्हणजे कुठून तरी ती शिरतेय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंड प्रदेशात घर करून राहिलेल्या वाचकांसाठी हिवाळ्याच्या तयारीवर आपल्या रविवारच्या पुरवणीत जो लेख आला, तो वाचला. लेख नेटका आहे. रेडिएटरवर, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी आत फिरवून खोली तापवणाऱ्या त्या पोलादी पेटीवर, पडदे लोंबू देऊ नका, सोफा त्याला चिकटवून ठेवू नका, हे सगळं बरोबर. पण एका सूचनेपाशी मी अडकलो. दर महिन्याला सगळ्या रेडिएटरमधली हवा काढा आणि प्रेशर उतरलं असेल तर पाणी भरा, असं त्यात म्हटलं आहे. आता हे छापून आलं म्हणजे कितीतरी घरांत कुणी ना कुणी कॅलेंडरवर खूण करून पहिल्या तारखेला किल्ली घेऊन फिरणार. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, हवं तिथे कापा. फक्त प्रेशरचे आकडे कापू नका.

मी ३१ वर्षं कारखान्यात बॉयलर अटेंडंट होतो. वाफेचे बॉयलर, तीन पाळ्या, तासातासाला लॉगबुकात नोंद. निवृत्त झाल्यापासून हिवाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे असतो. तिच्या घरात नऊ रेडिएटर आहेत आणि स्वयंपाकघरातल्या कपाटात भिंतीला टांगलेला एक गॅसचा बॉयलर. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं. आमच्याकडे बॉयलर बंद करून, गार करून, माणूस त्याच्या पोटात शिरून साफसफाई करायचा. हा म्हणजे टांगलेली सुटकेस! ते हसू लवकरच जिरलं.

त्या पहिल्या हिवाळ्यात नातवाच्या खोलीतला रेडिएटर खाली गरम आणि वर गार राहू लागला. रात्री आतून गुडगुड आवाज यायचा, तोंड निमुळतं असलेली बाटली पालथी केल्यासारखा. जावईबापू म्हणाले, “बाबा, माणूस बोलावू या का?” मी म्हटलं, वर हवा अडकलीय, ती काढायला माणूस कशाला? पंपाने एअर पकडली की प्लग ढिला करायचा, एअर सोडायची, प्लग आवळायचा. आयुष्यभर तेच केलंय.

हीटिंग चालू होतं, पंप फिरत होता, रेडिएटर हात ठेवू देत नव्हता. त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक पितळी स्क्रू असतो, त्याच्या चौकोनी डोक्यावर किल्ली बसते. मी ती बसवून पाव फेरा फिरवली. आवाज नाही. अर्धा फेरा. आवाज नाही. आता आवाज का नाही, तर हवा जिथून बाहेर पडते ते बाजूचं बारीक भोक कधीतरी रंगकाम करताना रंगाने बुजलं होतं. हे बघायला चष्मा लावायचे कष्ट मी घेतले नाहीत. मी आपला फिरवतोय, फिरवतोय, आणि स्क्रू किल्लीसकट हातात आला. आधी हवेचा एक जोरदार फूत्कार, आणि त्यामागून काळंभोर गरम पाणी. मी अंगठा दाबून धरला, चटका बसला तरी सोडला नाही, आणि नातवाला ओरडून बादली आणायला सांगितली. जावईबापू धावत आले. त्यांनी एक शब्द न बोलता रेडिएटरच्या खालचे दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले. तेव्हा कुठे धार मंदावली आणि स्क्रू परत आट्यांवर बसला. भिंतीवर डांबर उडाल्यासारखा जो डाग पडला तो दोनदा रंग मारूनही खालून डोकावतो. लेक पाहुण्यांना सांगते, “ही बाबांची सही.”

तेव्हा ज्यांना हवा काढायचीच आहे त्यांनी ती माझ्यासारखी काढू नये. आधी हीटिंग बंद करा आणि पाणी गार होऊ द्या, अर्धा-पाऊण तास तरी. एक तर भाजत नाही. दुसरं म्हणजे पंप फिरत असला की त्याच्या ओढीच्या बाजूला काही ठिकाणी प्रेशर इतकं उतरतं की स्क्रू उघडल्यावर हवा बाहेर पडण्याऐवजी आत खेचली जाऊ शकते. तिसरं, पाणी स्वस्थ असलं की त्यातले बुडबुडे वर येऊन रेडिएटरच्या माथ्याशी जमतात, फिरत्या पाण्यात ते सोबत हिंडत राहतात. भोकाशी फडकं धरा, खाली जुना डबा. किल्ली उलटी पाव फेरा, फार तर अर्धा. फुस्स असा आवाज येईल. तो संपून थेंब आणि मग सलग पाण्याची रेघ आली की बंद. आवळताना जोर नको. स्क्रू पितळी आहे, आटे मऊ असतात. खालच्या मजल्यापासून सुरुवात करावी आणि सगळ्यात वरचा रेडिएटर शेवटी घ्यावा. मग बॉयलरखालचा प्रेशरचा काटा बघावा.

हा काटा म्हणजे सगळ्या प्रकरणाचा आत्मा, आणि गंमत म्हणजे लेखात त्याबद्दल एकच ओळ आहे. बंदिस्त सिस्टिममध्ये, म्हणजे जिचं पाणी बाहेरच्या हवेला कुठेच उघडं नसतं अशा नव्या पद्धतीच्या हीटिंगमध्ये, पाणी गार असताना प्रेशर साधारण १ ते १.५ बार असावं. एक बार म्हणजे आमच्या जुन्या भाषेत जवळपास एक किलो, म्हणजेच १० मीटर उंच पाण्याचा दाब. दुमजली घरातला सगळ्यात वरचा रेडिएटर बॉयलरपासून पाचेक मीटरवर असतो, म्हणून एवढ्यात भागतं. तापल्यावर काटा थोडा चढतो. दोनच्या आसपास थांबला तर छान. तीनला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी एका तांब्याच्या नळीने घराबाहेर सोडतो.

प्रेशर उतरलेलं असलं की बॉयलरखालच्या जाळीदार नळीचे व्हॉल्व्ह उघडून नळाचं पाणी आत घ्यायचं आणि काटा १.३ वर आला की बंद करायचं. काम फक्त अर्ध्या मिनिटाचं. व्हॉल्व्ह दोन असतील तर दोन्ही बंद करायचे. इतकं सोपं, की लोकांना त्याची सवय लागते. आमच्या लेकीला लागली होती. दर पंधरवड्याला काटा लाल भागात, दर पंधरवड्याला पाणी, आणि दर महिन्याला वरच्या दोन खोल्यांतली हवा. एक मेकॅनिक दोन हिवाळे येत होता. यायचा, हवा काढायचा, पाणी भरायचा, कागदावर सही घेऊन जायचा. ‘जुनी सिस्टिम आहे, असं होतंच,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. मला ते वाक्य पाळीवर रोज ऐकू यायचं. ज्याला कारण शोधायचं नसतं तो यंत्राचं वय काढतो.

मला खरं खटकलं ते त्या काळ्या पाण्याने. बादलीतलं पाणी मी ओतून दिलं नव्हतं. एका काचेच्या बरणीत भरून खिडकीत ठेवलं. दोन दिवसांनी वर पाणी जवळजवळ स्वच्छ झालं आणि तळाशी बोटभर काळा गाळ बसला, काजळीसारखा मऊ. सहावीतल्या नातवाला म्हटलं, तुझ्या खेळण्यातलं लोहचुंबक आण. त्याने ते बरणीला बाहेरून लावलं आणि गाळ सरसर त्या बाजूला चढला. लोहचुंबक वर नेलं की गाळ वर, खाली आणलं की खाली. पोरगं अर्धा तास तेच करत बसलं होतं. मीही बसलो होतो. कारण तो गाळ म्हणजे काय हे मला कळलं होतं. तो त्या घरातला रेडिएटरच होता, आतून झिजून पाण्यात आलेला.

इथे थोडं रसायन सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नळाच्या ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पाणी तापलं की त्याची वायू धरून ठेवायची ताकद कमी होते. चुलीवरच्या पातेल्यात उकळी फुटायच्या कितीतरी आधी कडेला बारीक बुडबुडे चिकटतात, ते वाफेचे नसतात, या विरघळलेल्या हवेचे असतात. रेडिएटरमध्ये तेच होतं. नवं पाणी भरलं, तापवलं, की त्यातली हवा सुटते आणि उंचावर जाऊन बसते. त्यातला ऑक्सिजन पोलादाला गंज चढवून स्वतः संपतो. मग ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात लोखंड सावकाश काळ्या ऑक्साइडमध्ये बदलत जातं. मॅग्नेटाइट म्हणतात त्याला, तोच आमच्या बरणीतला गाळ. आणि या बदलात पाण्यातून हायड्रोजन सुटतो. म्हणजे ज्याला आपण हवा हवा म्हणतो ती पुष्कळदा हवा नसतेच, गंजाने तयार केलेला हायड्रोजन असतो. तो पेट घेतो. तेव्हा स्क्रू उघडताना जवळ काडी, मेणबत्ती, सिगारेट नको.

आता मूळ लेखातली सूचना पुन्हा वाचा. हवा काढली, प्रेशर उतरलं, नवं पाणी भरलं. नव्या पाण्याबरोबर नवा ऑक्सिजन आला, नवा गंज, नवा वायू. पुढच्या महिन्यात परत हवा. औषध म्हणून जे देतोय त्यानेच दुखणं वाढतंय. कारखान्यात बॉयलरला पाणी देण्याआधी ते तापवून त्यातला ऑक्सिजन काढून टाकायला डीएरेटर नावाचं अख्खं यंत्र असतं, आणि जो उरतो तो मारायला वर रसायन. आमचे केमिस्टसाहेब म्हणायचे, “बॉयलरला आग खात नाही, पाणी खातं.” घरातल्या हीटिंगला डीएरेटर लागत नाही, कारण तेच ते पाणी वर्षानुवर्षं फिरावं अशी तिची रचना आहे. एकदा त्यातला ऑक्सिजन संपला की ते जुनं, कळकट दिसणारं पाणीच लोखंडाला मानवतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की पाणी भरायला लागणं हीच तक्रार समजा. नव्याने पाणी भरल्यावर पहिल्या आठवड्यात, किंवा हिवाळ्याच्या तोंडावर एकदा हवा काढावी लागली तर ते ठीक. दर महिन्याला लागते, म्हणजे एक तर पाणी कुठून तरी जातंय, किंवा आत गंज चालू आहे, आणि बहुतेक वेळा दोन्ही.

कुठून जातंय हे शोधायला मी जुना मार्ग धरला. नातवाची एक कोरी वही घेतली, रकाने आखले. सकाळी हीटिंग सुरू होण्याआधी एक नोंद, रात्री पूर्ण तापल्यावर एक. त्याच्या आजीने विचारलं, “इथेही पाळी लावलीत का?” लावली. आठ दिवसांत चित्र स्पष्ट झालं. पहिल्या सकाळी थंड १.२. त्याच रात्री गरम २.९. दुसऱ्या सकाळी १.०. आठवडाभरात सकाळचा आकडा ०.५ वर उतरला. खोल्यांमध्ये एकही ओला डाग नव्हता. रेडिएटरच्या प्रत्येक व्हॉल्व्हच्या मुळाशी मी टिश्यू पेपर गुंडाळून रात्रभर ठेवला, सकाळी सगळे कोरडे. मग पाणी जातं कुठे?

उत्तर त्या २.९ मध्ये होतं. पाणी तापलं की फुगतं. १० अंशांवरून ७० अंशांवर नेलं तर शंभर लिटरचं साधारण सव्वादोन लिटर जास्त होतं. पाणी दाबलं जात नाही, त्या वाढीव पाण्याला कुठेतरी जागा हवी. त्यासाठी एक्स्पान्शन व्हेसल असतं, पोलादी डबा, मधोमध रबरी पडदा, एका बाजूला सिस्टिमचं पाणी, दुसऱ्या बाजूला भरून ठेवलेली हवा किंवा नायट्रोजन. पाणी फुगलं की पडदा मागे सरतो, वायू दबतो, गार झालं की वायू पडद्याला परत ढकलतो. सायकलच्या ट्यूबसारखीच या डब्यातली हवाही वर्षानुवर्षांत हळूहळू कमी होते. ती संपली की डबा पाण्याने भरून जातो आणि फुगलेल्या पाण्याला जागाच राहत नाही. मग तापताना काटा तीनकडे धावतो, सेफ्टी व्हॉल्व्ह बाहेर पाणी टाकतो, आणि गार झाल्यावर तेवढं पाणी कमी. बाहेरच्या भिंतीवरच्या तांब्याच्या नळीखाली मी रात्री डबा ठेवला. सकाळी त्यात पेलाभर पाणी होतं. घरात सगळे टॉवेल घेऊन गळती शोधत होते आणि ती रोज रात्री अंगणात जात होती.

आता इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. व्हेसल आमच्या बॉयलरच्या पत्र्याच्या आवरणाच्या आत होतं. ते आवरण मी उघडलं नाही. ३१ वर्षांचा अनुभव असून उघडलं नाही. ज्या बॉयलरमध्ये गॅस जळतो त्याचं आवरण पुष्कळदा नुसतं झाकण नसतं, जळणाची कोठडी हवाबंद ठेवण्याचं काम तेच करतं. ते नीट बसलं नाही तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं सर्दी-तापच आहे. ज्या घरात काहीही जाळून ऊब घेतात तिथे त्याचा अलार्म असायलाच हवा, आणि वर्षातून एकदा परवानाधारक माणसाकडून तपासणी. रेडिएटरची किल्ली आपली, काटा आपला, वही आपली. आवरणाच्या आतलं आपलं नाही.

तर दुसरा मेकॅनिक बोलावला. एक मुलगी आली, तिशीची असेल. तिच्यासमोर वही ठेवली. तिने दोन पानं बघितली आणि म्हणाली, “व्हेसल गेलंय, हे तर तुम्हीच लिहून ठेवलंय.” सिस्टिमचं प्रेशर शून्यावर आणून तिने व्हेसलच्या टोकाचं टोपण काढलं. आत मोटारीच्या चाकाला असतो तसाच व्हॉल्व्ह. ती म्हणाली, इथून पाणी आलं तर पडदा फाटलाय, व्हेसल बदलावं लागेल. दाबलं. पाणी आलं नाही, हवाही नाही. काहीच नाही. मग तिने पायपंप जोडला आणि १ बारपर्यंत हवा भरली. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र बदलला, कारण एकदा का तो उघडझाप करायला लागला की त्याच्या बैठकीत कचरा अडकतो आणि मग तो तीनच्या आधीही ठिबकत राहतो. काळा गाळ बघून तिने नऊही रेडिएटर एकेक करून जोराच्या पाण्याने धुतले, रेडिएटरकडून बॉयलरकडे परतणाऱ्या पाइपवर लोहचुंबक असलेला एक फिल्टर बसवला, आणि नव्या पाण्यात गंजरोधक रसायन घातलं. संध्याकाळपर्यंत काम चाललं. फिल्टरचं मला अप्रूप वाटलं, बरणीतला आमचा खेळच त्यांनी पितळेत बसवलाय.

त्यानंतरची वही कंटाळवाणी आहे. थंड १.३, गरम १.८. थंड १.३, गरम १.७. पानंच्या पानं. पाणी नवं असल्यामुळे पहिल्या चार दिवसांत एकदा हवा काढावी लागली, ती हीटिंग बंद करून, गार करून, चष्मा लावून काढली.

आणखी एक. गार रेडिएटर म्हणजे हवाच, हेही त्या लेखात गृहीत धरलं आहे. तसं नसतं. सिस्टिम पूर्ण तापल्यावर तळहात रेडिएटरवरून सावकाश वरून खाली न्या. वर गार, खाली गरम असेल तर वायू. वर गरम आणि खाली, विशेषतः मध्यभागी, गार असेल तर गाळ बसलाय, तिथे किल्ली कितीही फिरवा, नुसतं पाणीच येईल. वरपासून खालपर्यंत गार आणि शेजारचे गरम असतील तर पाणी आत शिरतच नाही. लेकीच्या अभ्यासिकेत तेच झालं होतं. ज्याच्यावर १ ते ५ आकडे असतात त्या थर्मोस्टॅटच्या व्हॉल्व्हचं डोकं काढलं की खाली एक बारीक पिन दिसते. डोक्यातलं मेण किंवा द्रव गरम होऊन फुगलं की ते पिन दाबतं आणि पाणी बंद होतं, खोली गार झाली की पिन वर येते. उन्हाळाभर व्हॉल्व्ह बंद ठेवला तर ती खालीच चिकटून बसते. लाकडाच्या तुकड्याने हलके दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं, दहाव्या वेळी ती सुटली. पकडीने ओढू नये, पिन बाहेर आली तर पुढचं पाणी अडवायला माझ्याकडे एकच अंगठा शिल्लक होता. उन्हाळ्यात हे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवावेत आणि महिन्यातून एकदा दहा मिनिटं हीटिंग चालवावं, म्हणजे पंपही जाम होत नाही. बाकी त्या आकड्यांवर ५ ठेवलं म्हणून खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते. हे घरात कुणालाच पटत नाही, तो वाद मी सोडून दिलाय.

बॉयलरजवळचे रेडिएटर भाजतात आणि लांबचे कोमट राहतात, तर तो पाणीवाटपाचा प्रश्न आहे. रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला टोपणाखाली एक व्हॉल्व्ह असतो, तो जवळच्यांचा थोडा आवळायचा. आवळण्याआधी तो किती फेऱ्यांत पूर्ण बंद होतो ते मोजून चिठ्ठीवर लिहा, नाहीतर परत येताना वाट सापडत नाही.

आणि ज्यांच्या इमारतीत सगळ्यांना मिळून एकच हीटिंग आहे त्यांनी व्यवस्था बघणाऱ्याला न विचारता किल्ली लावू नये, तुमच्या खोलीतून काढलेलं पाणी सगळ्या इमारतीच्या प्रेशरमधून जातं. ज्या जुन्या घरांत माळ्यावर पाण्याची उघडी टाकी असते तिथे प्रेशरचा काटाच नसतो. वरच्या रेडिएटरमध्ये सारखी हवा येत असेल तर आधी शिडी लावून टाकीत बघा, तिचा चेंडूचा नळ अडकून टाकी कोरडी पडली असेल. आणि वाफेवर चालणारे रेडिएटर असतील, एकाच पाइपचे, सुईसारखी शीळ घालणारे, तर या पत्रातलं हवा काढण्याबद्दलचं काहीही त्यांना लागू नाही. त्यांचा हवेचा व्हॉल्व्ह आपला आपण उघडतो, मिटतो. पाइपावरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, मधे कुठे ठेवला की आत ठोके पडतात. वाफेवर बोलायला लागलो तर आपली अख्खी पुरवणी लागेल, म्हणून थांबतो.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी एक चौकट छापावी. दर महिन्याला हवा काढा, याच्या जागी दर आठवड्याला प्रेशर बघा आणि लिहून ठेवा, असं छापावं. थंड असताना आणि तापल्यावर, दोन्ही. दोन महिन्यांत एकापेक्षा जास्त वेळा पाणी भरावं लागलं तर वही घेऊन मेकॅनिकला विचारा, की पाणी जातं कुठे. ‘जुनी सिस्टिम आहे’ असं उत्तर आलं तर दुसरा मेकॅनिक बघा.

वही आता नातू सांभाळतो. त्याने त्यात स्वतःचा एक रकाना वाढवलाय, ‘आवाज’. त्यात रोज ‘नाही’ असतं. फक्त वरच्या बाथरूममधल्या टॉवेल वाळवायच्या शिडीसारख्या रेडिएटरसमोर गेले अकरा दिवस तो ‘थोडा’ लिहितोय. मी पहाटे कान लावून ऐकलं. आहे, थोडा आहे. प्रेशर उतरत नाही, वर गारवा नाही, स्क्रू उघडला तर लगेच पाणी येतं. पाइप तापताना लाकडाच्या खाचेत घासत असावा असा माझा अंदाज आहे, पण त्यासाठी जमिनीची फळी उचलावी लागेल आणि लेकीने त्याला सध्या मनाई केली आहे.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट